विश्लेषण : स्त्री अभ्यासात करिअर म्हणजे काय? कॅम्पसवरील समतेचे काम याच प्राध्यापकांकडे का येते?

पदव्युत्तर अभ्यासक्रमांची यादी चाळताना ‘स्त्री अभ्यास’ किंवा ‘जेंडर स्टडीज’ असे नाव दिसले की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘याला नोकरी कुठे मिळते?’ दुसरा प्रश्न त्याहून नेमका असतो. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशातील ४.३३ कोटी विद्यार्थ्यांपैकी २.०७ कोटी, म्हणजे जवळपास ४८ टक्के मुली आहेत. मुली एवढ्या संख्येने शिकत असताना हा वेगळा विषय कशाला?

दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. या विषयात प्राध्यापक होणाऱ्याच्या वाट्याला बहुतेक वेळा दोन कामे येतात. एक वर्गातले, त्याला पद आणि पगार असतो. दुसरे कॅम्पसवरचे, म्हणजे तक्रार समित्या, समान संधी कक्ष, जनजागृती. त्याला बहुधा स्वतंत्र पदही नसते आणि वेळही नसतो.

स्त्री अभ्यास म्हणजे नेमके काय?

हा ‘फक्त मुलींसाठीचा’ अभ्यासक्रम नाही. समाजशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र, कायदा, साहित्य अशा विषयांत स्त्रियांचे श्रम, मालमत्ता, शिक्षण आणि हिंसाचाराचे अनुभव का दिसत नव्हते, याचा शोध घेणारी ही आंतरविद्याशाखीय ज्ञानशाखा आहे. घरकाम आणि शेतीतील बिनपगारी राबणे आकडेवारीत का मोजले जात नाही? जात आणि लिंगभाव एकत्र आले की भेदभावाचे स्वरूप कसे बदलते? असे प्रश्न येथे अभ्यासले जातात. पुरुष आणि तृतीयपंथी विद्यार्थीही हा विषय घेऊ शकतात.

सुरुवात कुठून झाली?

केंद्र सरकारने १९७१ मध्ये देशातील स्त्रियांच्या स्थितीचा आढावा घेण्यासाठी समिती नेमली. डॉ. फुलरेणू गुहा अध्यक्ष होत्या, तर राज्यशास्त्राच्या अभ्यासक वीणा मजुमदार सदस्य सचिव. ‘टुवर्ड्स इक्वॅलिटी’ या १९७४ च्या अहवालाने स्वातंत्र्यानंतर सारे सुधारत आहे हा समज मोडून काढला. १९०१ मध्ये दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या, १९७१ मध्ये ही संख्या ९३० वर आली होती. राज्यघटनेने समता दिली, पण आकडे उलट दिशेने गेले. हे विद्यापीठांच्या नजरेतून कसे सुटले, या प्रश्नातून नव्या ज्ञानशाखेला बळ मिळाले.

त्याच वर्षी मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ नीरा देसाई यांनी स्त्री अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू केले. भारतीय विद्यापीठातील असे ते पहिले केंद्र मानले जाते. १९८१ मध्ये एसएनडीटीतच स्त्री अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद झाली आणि त्यातून पुढच्या वर्षी ‘इंडियन असोसिएशन फॉर विमेन्स स्टडीज’ ही संघटना उभी राहिली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्त्रियांच्या समतेसाठी शिक्षण हा स्वतंत्र भाग आला. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) विद्यापीठांत स्त्री अभ्यास केंद्रे उभारण्यासाठी अनुदान देण्यास सुरुवात केली.

पुण्याच्या केंद्राचे उदाहरण महत्त्वाचे का?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये स्त्री अभ्यास केंद्र सुरू झाले. विद्युत भागवत यांनी त्याची पायाभरणी केली. त्यांच्यानंतर समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे (१९६४-२०१३) यांनी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राचे नेतृत्व केले. अध्यापन आणि कॅम्पसवरील समता या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे त्यांच्या कारकिर्दीतून दिसते.

दलित स्त्रियांचे प्रश्न मुख्य प्रवाहातील स्त्रीवादाने आणि दलित चळवळीनेही बाजूला ठेवले, अशी मांडणी त्यांनी १९९८ मधील लेखात केली. २००६ मध्ये ‘रायटिंग कास्ट, रायटिंग जेंडर’ या पुस्तकात त्यांनी बेबीताई कांबळे, शांताबाई कांबळे, कुमुद पावडे, ऊर्मिला पवार आदींची आत्मकथने इंग्रजी वाचकांपुढे आणली. मराठीत आधीपासून असलेले हे लेखन त्यांनी समाजशास्त्राचा पुरावा म्हणून वाचले. २०१३ मध्ये, निधनाच्या वर्षी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ब्राह्मणी पितृसत्तेवरील लेखनाचे त्यांनी संपादित केलेले पुस्तक आले.

वर्गाविषयीची त्यांची भूमिकाही तितकीच ठोस होती. आरक्षणामुळे आणि शिक्षणाच्या प्रसारामुळे विद्यापीठात ग्रामीण, दलित, बहुजन विद्यार्थी आले. पण वर्गाची भाषा, वाचनयादी आणि ‘हुशार’ कोण याची व्याख्या तीच राहिली. २०१० मध्ये लिहिलेल्या लेखात त्यांनी महात्मा फुले यांच्या ‘तृतीय रत्न’ या नाटकाच्या नावाचा आधार घेत फुले-आंबेडकरी स्त्रीवादी अध्यापन म्हणजे काय, हे मांडले. त्याआधी २००९ मध्ये केंद्राने ‘इझन्ट धिस प्लेट इंडियन?’ ही दलितांच्या अन्नाच्या आठवणी आणि इतिहास यांवरची पुस्तिका काढली होती. ताटात काय आहे यावरून माणसाची पायरी कशी ठरवली जाते, हा त्यातला विषय.

प्रवेश मिळणे ही समतेची सुरुवात आहे. प्रवेशानंतर वर्गात, वसतिगृहात, मेसमध्ये आणि संशोधन मार्गदर्शकाच्या दालनात काय होते, हा पुढचा आणि अवघड भाग आहे. मुलींचा टक्का ४८ झाल्यावरही स्त्री अभ्यासाची गरज का उरते, याचे उत्तर येथे मिळते.

कॅम्पसवरील समतेचे काम म्हणजे काय?

हे काम नियमांतून टप्प्याटप्प्याने आकाराला आले.

• १९९७ : सर्वोच्च न्यायालयाची विशाखा मार्गदर्शक तत्त्वे. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती बंधनकारक.

• १९९९ : दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींसह ‘जीएसकॅश’ ही समिती. २०१७ मध्ये तिच्या जागी अंतर्गत तक्रार समिती आली.

• २०१२ : यूजीसीचे समता नियम. समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद.

• २०१३ : लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा. त्याच वर्षी कॅम्पसवरील सुरक्षा व संवेदनशीलतेविषयी यूजीसीचा ‘सक्षम’ अहवाल.

• २०१५ : उच्च शिक्षण संस्थांसाठी यूजीसीचे स्वतंत्र लैंगिक छळ प्रतिबंधक नियम. काही पुरुष विद्यार्थी आणि तृतीयपंथी विद्यार्थीही छळाला बळी पडू शकतात, याची यात दखल आहे.

२०१५ च्या नियमांनुसार समितीच्या अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापक असतात. निम्म्याहून कमी महिला सदस्य चालत नाहीत. दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, एक बाहेरचा सदस्य आणि प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी असतात. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना समितीत बसता येत नाही. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करायची असते, योग्य कारण असल्यास ही मुदत आणखी तीन महिने वाढते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची असते.

हे काम याच प्राध्यापकांकडे का?

पहिले कारण सरळ आहे. कायदा, लिंगभाव आणि सत्तासंबंध यांचे ज्ञान त्यांच्याकडे असते. दुसरे कारण विश्वासाचे. मार्गदर्शकाविरुद्ध बोलायला घाबरणारी पीएचडीची विद्यार्थिनी आधी अशा शिक्षकाकडे जाते, जिच्या वर्गात या विषयावर मोकळेपणाने बोलता येते.

तिसरे कारण कागदाचे. नॅकच्या मूल्यांकनात संस्थात्मक मूल्यांच्या निकषाखाली लिंगभाव समतेसाठी काय केले, हे दाखवावे लागते. मग व्याख्यान, पोस्टर स्पर्धा, ८ मार्चचा कार्यक्रम, त्याचे फोटो आणि अहवाल ही जबाबदारीही याच विभागाकडे सरकवणे सोपे जाते. चौकशीसारखे नाजूक काम आणि फाइल भरण्याचे काम एकाच व्यक्तीच्या टेबलावर येऊन पडते.

बढतीत हे काम मोजले जाते का?

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार प्राध्यापकपदाच्या थेट भरतीसाठी पीएचडी, १० वर्षांचा अनुभव, किमान १० शोधनिबंध आणि संशोधनाचे किमान १२० गुण लागतात. हे गुण शोधनिबंध, पुस्तके, प्रकल्प, पीएचडी मार्गदर्शन यांवर मिळतात. तक्रार समितीवर तीन वर्षे घालवली, तर त्याला या गुणांत जागा नाही. वार्षिक मूल्यमापनात असे काम इतर प्रशासकीय उपक्रमांच्या रांगेत धरले जाते, म्हणजे ९० दिवसांची चौकशी आणि स्नेहसंमेलनाचे नियोजन एकाच रकान्यात बसू शकते.

चौकशीचा तपशील गोपनीय असल्याने त्यावर लिहिताही येत नाही. शिवाय ज्यांच्याविरुद्ध अहवाल द्यायचा, ते कधी कधी त्याच संस्थेतले वजनदार सहकारी असतात. हा धोका कायम नोकरीतील प्राध्यापकाला पेलता येईल. ज्याचे कंत्राट दरवर्षी वाढवावे लागते त्याला तो परवडणारा नाही.

केंद्रांचे भवितव्य स्थिर आहे का?

अडचण इथेच आहे. यूजीसीची स्त्री अभ्यास केंद्रांची योजना पंचवार्षिक योजनांच्या चौकटीत चालत आली. बारावी पंचवार्षिक योजना मार्च २०१७ मध्ये संपली आणि पुढची आलीच नाही. जून २०१७ मध्ये यूजीसीने केंद्रांचे अनुदान ३० सप्टेंबरपर्यंतच असल्याचे कळवले, तेव्हा देशभरातील दीडशेहून अधिक केंद्रांवर टांगती तलवार आली. निषेधानंतर मुदत मार्च २०१८ पर्यंत वाढली. पण योजनेवर नेमलेल्या अध्यापकांना ‘पुढच्या वर्षी आपण असू का’ हे विचारण्याची वेळ आली.

ज्या विद्यापीठाने पदे स्वतःच्या आस्थापनेवर घेतली तेथे विभाग टिकतो. जेथे घेतली नाहीत तेथे अनुदानाचे पत्र लांबले की संशोधन, पुस्तकालय आणि अनुभवी माणसे तिन्हींना फटका बसतो.

परदेशात काय स्थिती आहे?

या विषयात पीएचडीसाठी अनेक जण अमेरिकेकडे पाहतात. तेथे १९७० मध्ये सॅन दिएगो स्टेटमध्ये स्त्री अभ्यासाचा पहिला अभ्यासक्रम सुरू झाला. भारतात जे काम समित्यांवर चालते, त्यासाठी तेथील अनेक विद्यापीठांत ‘चीफ डायव्हर्सिटी ऑफिसर’ असे पगारी पद, कार्यालय आणि कर्मचारी असतात. स्त्री अभ्यासातील प्राध्यापक या पदांवरही जातात.

मात्र पद असणे म्हणजे सुरक्षितता नव्हे. टेक्सासमध्ये २०२३ च्या कायद्याने सार्वजनिक विद्यापीठांतील अशी कार्यालये १ जानेवारी २०२४ पासून बंद झाली. फ्लोरिडातील न्यू कॉलेजच्या विश्वस्तांनी ऑगस्ट २०२३ मध्ये जेंडर स्टडीजचा अभ्यासक्रम बंद करण्याच्या बाजूने मतदान केले. तेथे असलेले पद कायद्याने काढता येते. आपल्याकडे नियमाने काम दिले, पण पूर्णवेळ पद दिलेले नाही.

या क्षेत्रात यायचे तर काय करावे?

• शिक्षण : पुणे विद्यापीठात लिंगभाव, संस्कृती आणि विकास या विषयातील एमए आहे. मुंबईत एसएनडीटी आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था, छत्रपती संभाजीनगरला ताराबाई शिंदे स्त्री अभ्यास केंद्र, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ, तसेच गोवा विद्यापीठ हे पर्याय तपासता येतील. चालू वर्षातील अभ्यासक्रम आणि जागा संकेतस्थळावर पाहाव्यात.

• पात्रता : सहायक प्राध्यापकासाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत) आणि नेट किंवा सेट. नेटमध्ये ‘विमेन स्टडीज’ हा स्वतंत्र विषय असून त्याचा क्रमांक ७४ आहे. सातव्या वेतन आयोगानुसार सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये.

• सावधगिरी : बहुतेक महाविद्यालयांत स्त्री अभ्यासाचा स्वतंत्र विभाग नसतो. त्यामुळे जागा मोजक्या निघतात. समाजशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र यांपैकी मूळ विषयातील पदव्युत्तर पदवी आणि नेट हातात असेल तर पर्याय वाढतात.

• मुलाखतीत विचारा : पद मंजूर आहे की योजनेवरचे? समितीच्या कामासाठी तासिकांत सवलत मिळते का?

• इतर संधी : १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेला अंतर्गत समिती आणि त्यावर बाहेरचा सदस्य लागतो. स्वयंसेवी संस्था, कंपन्यांचे समावेशकता विभाग, धोरण संशोधन संस्था येथेही या अभ्यासाची गरज असते.

तज्ज्ञ व्यक्तीला समितीवर बसवणे संस्थेला जमते, कारण त्याला खर्च येत नाही. तिला मंजूर पद, कमी तासिका आणि बढतीत मोजले जाणारे गुण देण्यासाठी मात्र अंदाजपत्रकात तरतूद लागते. एखादे महाविद्यालय समतेबाबत किती गंभीर आहे हे पाहायचे असेल, तर संकेतस्थळावरील कार्यक्रमांच्या फोटोंऐवजी अंतर्गत समितीची सध्याची यादी, तिची मुदत आणि स्त्री अभ्यास विभागातील कायम पदांची संख्या तपासावी.