दोन घरचा पाहुणा
'बर्ड्स'च्या 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ'ची कहाणी

अमेरिकेतील 'द बर्ड्स' या बँडचा 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' हा अल्बम ऑगस्ट १९६८ मध्ये प्रकाशित झाला, तेव्हा त्याचे स्वागत थंडपणे झाले. 'बिलबोर्ड'च्या यादीत तो ७७व्या क्रमांकापुढे सरकला नाही. १९६५ मध्ये दोन गाणी अमेरिकेत अव्वल स्थानी नेणाऱ्या बँडसाठी ही मोठीच घसरण होती. आज मात्र कंट्री रॉकचा पाया घालणाऱ्या अल्बममध्ये त्याची गणना होते.

बँडचा प्रमुख रॉजर मॅकग्विन याच्या मनात अमेरिकी लोकप्रिय संगीताचा इतिहास सांगणारा दुहेरी अल्बम होता. परंतु १९६८ च्या आरंभी ग्रॅम पार्सन्स हा तरुण गायक बँडमध्ये आला आणि दिशाच बदलली. बास गिटारवादक ख्रिस हिलमन मुळात ब्लूग्रासमध्ये वाढलेला. त्याची साथ मिळताच अल्बम कंट्री संगीताकडे वळला. ध्वनिमुद्रणासाठी बँड नॅशव्हिलला गेला. पेडल स्टील गिटार, फिडल आणि बँजो यांसाठी तिथले मुरलेले वादक बोलावले गेले. जुन्या कंट्री गीतांशेजारी बॉब डिलनची दोन गाणी आणि पार्सन्सचे 'हिकरी विंड' विसावले.

अडचण सुरांची नव्हती, काळाची होती. व्हिएतनाम युद्धाने अमेरिकी समाज दुभंगला होता. युद्धविरोधी तरुणाईच्या लेखी कंट्री हे सनातनी दक्षिणेचे संगीत होते. कंट्रीच्या श्रोत्यांना रॉकवाले केसाळ बंडखोर वाटत. मार्च १९६८ मध्ये 'ग्रँड ओल' ऑप्री'च्या मंचावर बँड उभा राहिला, तेव्हा काही श्रोत्यांनी त्याची हुर्यो उडवली. दोन घरचा पाहुणा उपाशी राहावा, तशी या अल्बमची गत झाली.

त्यातच पार्सन्सच्या जुन्या कराराचा वाद उद्भवला आणि काही गाण्यांतील त्याच्या मुख्य आवाजाची जागा इतरांच्या आवाजाने घेतली. त्यामागे केवळ हा वादच होता की नाही, याबाबत आजही मतभेद आहेत. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यास नकार देऊन पार्सन्सने अल्बम येण्यापूर्वीच बँड सोडला.

बीज मात्र वाया गेले नाही. पार्सन्स व हिलमन यांनी 'फ्लाइंग बरिटो ब्रदर्स' उभा केला. त्या बँडमधून गेलेला बर्नी लेडन १९७१ मध्ये 'ईगल्स'च्या संस्थापकांत होता. पुढे याच वळणाच्या संगीताला 'ईगल्स'ने अफाट लोकप्रियता मिळवून दिली. ते यश पाहण्यास पार्सन्स उरला नाही; १९७३ मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. त्याच्या आवाजातील मूळ ध्वनिमुद्रणे १९९० नंतर टप्प्याटप्प्याने श्रोत्यांसमोर आली. २०१८ मध्ये अल्बमच्या पन्नाशीनिमित्त मॅकग्विन व हिलमन यांनी तो पुन्हा मंचावर सादर केला. अर्धशतकापूर्वी दोन्ही दारांतून परतलेल्या या पाहुण्याला तोवर दोन्ही घरे आपला म्हणू लागली होती.