नेमकं उत्तर कोण देतंय?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोल्यात घरोघरी राऊटर दिसायला लागून फार वर्षं झालेली नाहीत. त्याआधी ब्रॉडबँड म्हणजे लँडलाइनच्या तारेतून येणारं आणि पहिल्या पावसात खरखरायला लागणारं कनेक्शन, तेही दवाखान्यात, दुकानात, नाहीतर एखाद्या प्राध्यापकाच्या घरी. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झालं आणि नेट थेट खिशात आलं. भिंतीवरचा राऊटर त्याच्या मागून आला. आमच्याकडच्या बहुतेक भानगडी या उलट्या क्रमातून निघाल्या. राऊटरवर फिल्टर लावायची वेळ आली तोवर घरातल्या पोरांना फोन आईबापांपेक्षा जास्त कळायला लागला होता.

मी तालुक्याच्या ठिकाणी संगणकाची आणि नेटवर्कची कामं करतो. राऊटर बसवायला केबलवाल्याची माणसं येतात. बसवून झाल्यावर काही दिवसांनी जो फोन येतो तो मला. मागणी बहुतेक एकच असते: ‘सर, नको ते सगळं बंद करा, पण अभ्यास चालू राहिला पाहिजे.’ या एका वाक्यात किती अडचणी दडल्यात हे कळायला आमच्या धंद्यातल्या सगळ्यांनाच बरीच वर्षं लागली.

‘नको ते’ बंद करायचा सगळ्यांत स्वस्त मार्ग तेव्हाही डीएनएस होता, आजही तोच आहे. फोनला साइटचं नाव ठाऊक असतं, आकड्यांतला पत्ता नसतो. तो पत्ता डीएनएस सर्व्हरला विचारावा लागतो. ही व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली आखली. त्याआधी जोडलेल्या सगळ्या संगणकांची नावं एकाच फाइलमध्ये असत आणि ती फाइल अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधून जो तो उतरवून घेई. आता उत्तर देणाऱ्यानेच ठरवलं की अमुक नावाला खरा पत्ता द्यायचा नाही, तर साइट उघडत नाही. फिल्टर म्हणजे एवढंच. ओपनडीएनएसने २०१० साली फॅमिलीशील्ड काढलं: राऊटरमध्ये २०८.६७.२२२.१२३ आणि २०८.६७.२२०.१२३ हे दोन आकडे टाकायचे, ना खातं ना पैसे. खातं लागत नाही ही गोष्ट आमच्याकडे फार मोलाची ठरली. खातं काढून स्वतःची यादी ठेवायची सोय होती, पण त्यासाठी समोरच्या सर्व्हरला तुमचं घर आयपी पत्त्यावरून ओळखता यायला हवं. इकडे अनेक कंपन्या एकाच आयपीमागे शेकडो घरं बसवतात. मग एकाने लावलेली यादी शेजारच्या आळीला लागू व्हावी की कोणालाच होऊ नये, असा पेच. व्हायची ती कोणालाच नाही.

पहिली काही वर्षं बिघाड एकाच ठिकाणी सापडायचा: राऊटरमधल्या दुसऱ्या रकान्यात. डीएनएससाठी दोन चौकोन असतात, पहिला आणि दुसरा. लोक पहिल्यात फॅमिलीशील्डचा आकडा भरत आणि दुसऱ्यात, ‘असू दे, अडीअडचणीला’ म्हणून, गूगलचा ८.८.८.८. पण दुसरा चौकोन अडीअडचणीसाठी राखीव असतोच असं नाही. काही राऊटर दोघांनाही विचारतात आणि ज्याचं उत्तर आधी येईल ते घेतात. काही आलटूनपालटून विचारतात. त्यामुळे साइट सकाळी बंद आणि संध्याकाळी चालू. घरमालकाचा समज असा की पोराने काहीतरी केलं. पोराने काहीही केलेलं नसायचं.

हा ८.८.८.८ गावोगाव पोचला कसा, हेही सांगण्यासारखं आहे. ३१ जुलै २०१५ला केंद्र सरकारने ८५७ साइट बंद करायला सांगितल्या आणि आठवड्याच्या आत तो आदेश ढिला केला. पुढे उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१८च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा ८२७ साइट बंद झाल्या. काही कंपन्यांनी ही बंदी डीएनएसवरच घातली होती, म्हणजे आपण घरी करतो तेच, फक्त देशाच्या पातळीवर. तेव्हा डीएनएस बदलून ८.८.८.८ टाकला की बंदी संपली. कॉलेजातल्या पोरांनी ही युक्ती एकमेकांना शिकवली, आणि घरच्या फिल्टरलाही तीच पुरली. सरकारला चुकवायचा आणि बापाला चुकवायचा मार्ग एकच निघाला, याची मला आजही गंमत वाटते.

मग मार्च २०२० आला. टाळेबंदी लागली, शाळेने ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हटलं आणि एका फोनवर दोन-तीन मुलांचा अभ्यास सुरू झाला. राजूरच्या पुढे, डोंगरातल्या गावांत रेंजसाठी टेकाड गाठावं लागे. बाजारपेठेतल्या घरांनी तेवढ्यात फायबर जोडून घेतलं. योगायोगाने त्याच सुमारास, १ एप्रिल २०२०ला, क्लाउडफ्लेअरने कुटुंबांसाठीचा सर्व्हर काढला: १.१.१.२ व्हायरसवाल्या साइट अडवतो, १.१.१.३ त्याबरोबर अश्लील साइटही. पहिल्याच दिवशी त्यांच्या यादीने समलिंगी समाजासाठीच्या काही माहितीच्या साइटही अडवल्या. कंपनीला माफी मागून यादी सुधारावी लागली. यादी कोणीतरी माणूस नाहीतर माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम करतो, आणि त्याच्या चुका आपल्या घरात येतात, हे तेव्हा पहिल्यांदा इतकं उघड दिसलं. मी तरीही १.१.१.३ वापरत राहिलो. इथून तो फॅमिलीशील्डपेक्षा चटकन उत्तर द्यायचा.

त्या काळातलं सगळ्यांत छळणारं कोडं वेगळंच होतं. राऊटर उघडावा तर दोन्ही चौकोन बरोबर भरलेले. लॅपटॉपवर काळी खिडकी उघडून एनएसलुकअप चालवावं तर अडवलेल्या साइटचा पत्ता ०.०.०.० येतोय, म्हणजे फिल्टर चोख. आणि शेजारी बसलेल्या मुलीच्या फोनवर तीच साइट धडधडीत उघडतेय. कारण होतं आयपीव्ही६, म्हणजे आकड्यांतल्या पत्त्यांची नवी पद्धत. राऊटर घरात दोन वाटांनी डीएनएसचा पत्ता वाटतो. जुन्या वाटेने, म्हणजे डीएचसीपीमधून, आपण भरलेला. नव्या वाटेने, आयपीव्ही६च्या घोषणेतून, कंपनीने पाठवलेला. फोन नव्या वाटेचं उत्तर खुशाल घेतो. आपण अर्धंच दार लावलेलं असतं. उपाय दोनच: आयपीव्ही६च्या पानावर फिल्टरवाल्या सर्व्हरचा लांबलचक पत्ता भरायचा, किंवा तिथला डीएनएस वाटणंच बंद करायचं. कंपनीने दिलेल्या फायबरच्या डब्यात बऱ्याचदा हे पान ग्राहकाच्या लॉगिनला दिसतच नाही. केबलवाल्याकडून वरचा पासवर्ड मिळवणं हे त्या वर्षांतलं माझं खरं कौशल्य होतं. तांत्रिक भाग त्यामानाने सोपा.

बदल केल्यावर लगेच तपासायचा उतावीळपणाही फार दिसायचा. फोनने डीएनएसचा पत्ता राऊटरकडून काही तासांच्या कराराने घेतलेला असतो. वायफाय बंद करून चालू केल्याशिवाय तो लगेच नवा पत्ता घेत नाही. त्यात ब्राउझर जुनं उत्तर लक्षात ठेवतो. वायफाय बंद-चालू करून पाच मिनिटं थांबलं असतं तर सुटली असती अशी तक्रार लोक राऊटर रिसेट करून वाढवायचे, आणि मग कंपनीची सगळी सेटिंग उडाली की रविवारी सकाळी मला फोन.

पण या सगळ्या दुरुस्त्यांवर पाणी फिरवणारी गोष्ट केव्हाच सुरू झाली होती. ऑगस्ट २०१८ला आलेल्या अँड्रॉइड ९मध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ नावाची सोय होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात वेबच्या नेहमीच्या कुलूपबंद वाटेनेच डीएनएसचे प्रश्न पाठवायची पद्धत ठरली. फायरफॉक्सने अमेरिकेत ती २०२०च्या फेब्रुवारीपासून आपणहून चालू केली. मे २०२०मध्ये क्रोमनेही तिचा रस्ता धरला. ही सोय चालू असली की फोनचा प्रश्न राऊटरला दिसतच नाही. तो थेट बाहेर जातो, तोही सांकेतिक होऊन. यामागचा हेतू चांगला होता, हे मी मनापासून म्हणतो. आपण कुठल्या साइट बघतो हे नेट पुरवणाऱ्या कंपनीने का वाचावं? पण कंपनीच्या डोळ्यांवर पट्टी बांधताना तीच पट्टी घरच्या राऊटरवरही आली. एकीला चुकवायचं आणि दुसऱ्याला नाही, असं या तंत्रात जमत नाही.

त्यामुळे साधारण २०२१नंतर माझं काम बदललं. कोणी बोलावलं की मी आधी राऊटर उघडत नाही. पोराचा फोन मागतो आणि सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएसचं पान बघतो. तिथे ‘ऑटोमॅटिक’ असेल तर अजून काही हातात आहे. कुणा सर्व्हरचं नाव लिहिलेलं असेल तर त्या फोनवरचा राऊटरचा कारभार संपला. राऊटरवर ८५३ क्रमांकाचं पोर्ट बंद केलं की तो मार्ग अडतो. पण मग फोन ‘प्रायव्हेट डीएनएस सर्व्हरशी संपर्क होत नाही’ म्हणतो, सगळं नेट थांबतं आणि घरातल्या वहिनी विचारतात, ‘माझं गॅसचं बुकिंग का होईना?’ ब्राउझरच्या आतून जाणारे प्रश्न तर ४४३वरून, बँकेच्या साइटच्याच वाटेने जातात. ते अडवायचे तर बँकही अडेल.

आणि या सगळ्याच्या वर मोबाइल डेटा. दिवसाला दीड जीबी हातात असलेल्या मुलाला वायफायवरचा फिल्टर चुकवायला कुठलीच युक्ती लागत नाही. वायफाय बंद केलं की झालं. यूट्यूबचं दुखणं तर डीएनएसने बरं होण्यासारखं नव्हतंच. डीएनएसला साइटचं नाव दिसतं, व्हिडिओचं नाही. गणिताचा तास आणि रीलसारखे छोटे व्हिडिओ एकाच नावाने येतात. अख्खं यूट्यूब बंद करा किंवा अख्खं चालू ठेवा. फार तर त्याचा ‘मर्यादित’ प्रकार सक्तीने लावता येतो. ‘अर्धं बंद करा’ या मागणीला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मधल्या काळात गावांनी आपले वेगळे उपाय काढले. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळच्या पुसद तालुक्यातल्या बान्सीने अठराखालच्या मुलांना मोबाइल वापरायला बंदी केली. आमच्या जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यातलं सौंदाळा नोव्हेंबर २०२४मध्ये शिवीला पाचशे रुपये दंड ठरवून गाजलं. त्याच गावाने संध्याकाळी सात ते नऊ मुलांच्या हाती मोबाइल द्यायचा नाही असंही ठरवलंय, याची चर्चा कमी झाली. मला तीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. काय बघतोय यापेक्षा केव्हा बघतोय, हे सांभाळणं सोपं.

ऑगस्ट २०२५मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेत मंजूर झाला. त्याच्या आधीची दोन वर्षं मला फिल्टरसाठी येणारे काही फोन मुलांसाठी नव्हतेच. नवऱ्याच्या रमीसाठी होते.

सौंदाळ्याची बातमी इकडे पोचल्यापासून घरोघरची मागणी मात्र बदललीय. नावांची यादी नको, सात ते नऊ वायफाय बंद करा. राऊटरमध्ये वेळेचा नियम असतो, आणि तो प्रायव्हेट डीएनएसनेही मोडत नाही, कारण ठरलेल्या फोनला नेटच मिळत नाही. इथले बिघाड अगदी जुन्या धाटणीचे. स्वस्त फायबरच्या डब्यात घड्याळाला सेल नसतो. लाइट गेली आणि आली की त्याच्या लेखी १ जानेवारी १९७० उजाडतो. खरी वेळ तो इंटरनेटवरून विचारून घेतो, पण वेळेच्या सर्व्हरचं नाव शोधायलाही डीएनएस लागतो. आणि कोणी हौसेने राऊटरवरच सांकेतिक डीएनएस लावला असेल तर सर्टिफिकेट तपासायला आधी खरी वेळ लागते. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. पावसाळ्यात अशा तक्रारी जास्त. तिथे वेळेच्या सर्व्हरचं नाव काढून नुसता आकड्यांतला पत्ता भरला की काम भागतं.

दुसरी तक्रार अशी की नियम चालतो, पण भलत्याच वेळी. साडेचारला नेट जातं, साडेसहाला येतं, आणि सातला पोरं अभ्यासाला बसतात तेव्हा सगळं सुरळीत चालू. वेळेचं पान उघडून बघावं तर डबा चीनहून आलाय आणि टाइम झोन अजून बीजिंगचाच आहे. यादीत खाली जाऊन ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ निवडायचं आणि सेव्ह करायचं.