‘शुगर मुळापासून बरी’ करणारी ऑनलाइन औषधे: फसवणूक कशी ओळखाल?

गेल्या पावसाळ्यात पौडकडचे एक काका दवाखान्यात आले. वजन घटलेले, सारखी तहान, रात्रीतून चार-पाच वेळा लघवी. साखर तपासली तर ४०० च्या वर! “गोळ्या चालू आहेत ना?” विचारल्यावर ते गप्प बसले. मग सूनबाईंनी पिशवीतून एक डबी काढली. मोबाईलवरची जाहिरात पाहून मागवलेली, साडेतीन हजारांची. फोनवरच्या ‘एक्स्पर्ट’ने रोजच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या होत्या.

ऑनलाइन मागवलेली चप्पल खोटी निघाली तर फक्त पैसे जातात. औषध खोटे निघाले तर उपचाराचे महिनेही वाया जातात, आणि त्या काळात वाढलेली साखर डोळे, मूत्रपिंड आणि नसांचे नुकसान करत राहते.

धोक्याच्या खुणा

- ‘कायमचा बरा’ हा दावा: मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या ‘ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज’ कायद्याने बंदी आहे. त्यामुळे असा दावा दिसला की तिथेच थांबा.
- प्रसिद्ध डॉक्टर किंवा अभिनेत्याचा व्हिडिओ: चेहरा आणि आवाज आता संगणकावर हुबेहूब बनवता येतो.
- डबीवर फक्त एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक: हा परवाना खाद्यपदार्थांचा असतो. ते औषध नव्हे.
- पत्ता नाही, फक्त व्हॉट्सअॅप नंबर: २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्री करणाऱ्या संकेतस्थळाने नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याची माहिती देणे बंधनकारक आहे.
- घाई: ‘आजच निम्मी किंमत’, ‘शेवटचे दहा डबे’.

मागवण्यापूर्वी

जाहिरातीचा फोटो आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा. औषध महाग पडत असेल तर तेही मोकळेपणाने सांगा. तेच औषध जनऔषधी केंद्रात बऱ्याचदा खूप स्वस्त मिळते. आणि कोणाच्याही फोनवरून चालू गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करू नका.

फसवणूक झाली असेल तर

1. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त.
2. ‘रिफंड देतो’ म्हणून पिन किंवा ओटीपी मागितला तर देऊ नका. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही.
3. विक्रेता दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. बिल, डबी आणि मेसेज जपून ठेवा.
4. डबी घेऊन डॉक्टरांकडे या. सांधेदुखीच्या अशा पावडरींमध्ये कधी कधी स्टेरॉइड मिसळलेले असते. बरेच दिवस घेऊन ते एकदम बंद केले तर जिवावर बेतू शकते. त्यामुळे त्याच दिवशी सल्ला घ्या.

साखर वाढलेली असताना उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास किंवा गुंगी असेल तर वाट पाहू नका, थेट रुग्णालयात जा.

काकांची साखर गोळ्या पुन्हा सुरू केल्यावर हळूहळू आटोक्यात आली. “तुम्ही रागवाल म्हणून सांगितलं नाही,” असे ते नंतर म्हणाले. डॉक्टर रागावले तरी चालेल, पण डबी लपवू नका. आणि घरच्यांनीही वडीलधाऱ्यांना बोल लावू नये; नाहीतर पुढची डबी तुम्हालाही दिसणार नाही.