फेअरवेची कड

जबलपूरहून बोलतोय, तेव्हा सुरुवात इथल्याच गोष्टीने करतो. स्नूकर हा खेळ या गावात जन्मला. १८७५ साली इथल्या छावणीच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्डच्या टेबलावर रंगीत चेंडू वाढवले आणि नवा खेळ सुरू केला. (पुढे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते वेगळे.) स्नूकर जाणणारा माणूस चेंडू पॉकेटमध्ये गेला एवढ्यावर खूश होत नाही. पांढरा चेंडू कुठे थांबला ते तो आधी बघतो, कारण पुढचा फटका तिथून मारायचा असतो.

गोल्फचा चांगला होल हेच विचारतो. जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जिथून पहिला फटका मारतात ती टी. जिथे भोक आणि झेंडा असतो ते गुळगुळीत हिरवळीचे ग्रीन. मधला बारीक कापलेल्या गवताचा पट्टा म्हणजे फेअरवे आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे वाढलेले गवत म्हणजे रफ. बंकर म्हणजे वाळूचा खड्डा. फौजेतल्या बंकरमध्ये माणूस जीव वाचवायला शिरतो, इथे शिरला की कामातून गेला.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सचा सतरावा होल घ्या, ज्याला रोड होल म्हणतात. उजवीकडे हॉटेलची हद्द आहे. चेंडू तिकडे गेला की बाद, दंड भरा आणि पुन्हा मारा. डावीकडे मोकळी जागा आहे. शहाणा माणूस डावीकडेच मारेल ना? पण ग्रीन तिरके बसवले आहे आणि त्याच्या डाव्या अंगाला एक खोल बंकर आहे. डावीकडून येणाऱ्याला तो बंकर ओलांडावा लागतो, आणि पलीकडे लगेच रस्ता. उजव्या हद्दीला खेटून चेंडू ठेवणाऱ्याला मात्र ग्रीन लांबीत मिळते. आधी धोका पत्करा, नाहीतर नंतर किंमत मोजा. निवड तुमची. यालाच स्ट्रॅटेजिक डिझाइन म्हणतात.

आता खरा मुद्दा. ही निवड नकाशावर आर्किटेक्ट आखतो, पण जमिनीवर ती टिकते की मरते हे गवत कापणारा ठरवतो.

हे मला कसे कळले ते सांगतो. एका छावणीत माझ्याकडे गोल्फ कोर्सचे काम होते. तिथल्या एका होलवर उजव्या हाताला बंकर होता आणि फेअरवेची कड वळसा घेत थेट त्याच्या ओठापर्यंत जायची. स्पर्धा तोंडावर आली होती. मला ती वाकडीतिकडी कड खुपायला लागली. फौजी डोळा, दुसरे काय! चुन्याची सरळ रेघ मारून दिली आणि ट्रॅक्टरवाल्याला सांगितले, यापलीकडे मोवर न्यायचा नाही. बंकर बारा पावले रफमध्ये गेला. मैदान परेड ग्राउंडसारखे दिसू लागले. सगळ्यांनी वाहवा केली.

काही महिन्यांनी लक्षात आले की त्या बंकरमध्ये पावलांचे ठसेच नसतात. वाळू सारखी करायचे दंताळे तसेच पडून, वाळूत तण उगवलेले. झाले होते असे. बारीक गवतावर चेंडू घरंगळतो, म्हणून कडेवरचा बंकर आहे त्यापेक्षा मोठा होऊन चेंडू ओढून घेतो. रफ मध्ये आले की चेंडू आधीच गवतात अडकतो. बंकरचा धाक संपला. बक्षीसही संपले, कारण रफमधून मारताना काठी आणि चेंडू यांच्यामध्ये गवत येते, चेंडूला उलटी फिरकी बसत नाही आणि तो ग्रीनवर थांबत नाही. मग उजवीकडच्या चांगल्या कोनाचा उपयोग काय? सगळे मधोमध मारू लागले. विचार करण्यासारखे काही उरलेच नाही.

जुन्या काळी ही कड नव्हतीच. किनाऱ्यावरचे गवत मेंढ्या आणि ससे खात, आणि मेंढी काही रेघ बघून चरत नाही. गवत कापायचे यंत्र १८३० साली एडविन बडिंग या इंग्रजाने काढले. पुढे मोवर मैदानावर आले आणि त्यांच्याबरोबर कापलेल्या-न कापलेल्या गवताची सीमा आली. चालकाने वळणावर जरा आतून घेतले की कड हातभर आत सरकते. अशी वर्षे गेली की रुंद फेअरवेची बोळ होते. हे कुणी मुद्दाम करत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

अलिस्टर मॅकेन्झी हे मुळात डॉक्टर. बोअर युद्धात शल्यचिकित्सक म्हणून गेले आणि बोअरांनी खंदक जमिनीत बेमालूम कसे लपवले ते बघून आले. तीच नजर त्यांनी मैदाने बांधताना वापरली. १९१४ मध्ये 'कंट्री लाइफ' मासिकाच्या स्पर्धेत त्यांचा होल पहिला आला, त्यात ग्रीनकडे जायचे एकाहून अधिक मार्ग होते. पुढे बॉबी जोन्स यांच्याबरोबर त्यांनी ऑगस्टा नॅशनल बांधले, ऐसपैस फेअरवेचे. तिथेही १९९९ मध्ये कडेला थोडे उंच गवत राखायला सुरुवात झाली. माझ्या मते ती चूक होती. आणखी एक गंमत म्हणजे तिथे फेअरवे ग्रीनकडून टीच्या दिशेने कापतात. पाती खेळाडूकडे झुकतात आणि चेंडू कमी धावतो.

माझी चूक दुरुस्त करायला पैसा लागला नाही, पावसाळा लागला. आपल्याकडे मैदानावर असते ती हरळी, गणपतीला वाहतो तीच दूर्वा. थंडीत ती पिवळी पडून झोपते, तेव्हा तिला हात लावायचा नाही. जूननंतर जोमात आली की रफमधली उंची टप्प्याटप्प्याने उतरवायची, एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशाहून जास्त नाही. घाई केली तर बुंधे उघडे पडतात. काळी माती चिखल झाली असेल त्या दिवशी ट्रॅक्टर आत घालायचा नाही, चाकोऱ्या पडतात. दसऱ्यापर्यंत कड पुन्हा बंकरच्या ओठाला लागली.

आणि पहिल्याच रविवारी त्यात घरंगळत गेलेला चेंडू माझा होता.