काचेवरचा चीक

जपानमध्येही वाहनं डावीकडून चालतात, म्हणून १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून तिथल्या वापरलेल्या गाड्या न्यूझीलंडमध्ये भरपूर आल्या. न्यू लिनमधली आमची गाडी त्यातलीच. मागच्या काचेला आतून, कमी पेट्रोल खाते असं प्रशस्तिपत्रक देणारा जपानी स्टिकर होता. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत मी तो ब्लेडने खरवडला. डिंक निघाला, पण काच तापवणाऱ्या दोन बारीक रेघाही तुटल्या. यंदाच्या हिवाळ्यात सगळी काच स्वच्छ व्हायची, ते दोन पट्टे धुरकटच राहायचे.

मग आठवलं, फणस चिरताना आजी हाताला खोबरेल लावायची. चीक पाण्याला दाद देत नाही, तेलाला सुटतो. दारावरच्या स्टिकरचा चिकटा मी तसाच काढला. आधी गरम पाण्याचं फडकं ठेवलं, मग खोबरेल लावून पंधरा मिनिटं थांबले. जुन्या प्लास्टिक कार्डाने हलकेच सरकवलं आणि भांड्यांच्या साबणाने तेलकटपणा धुतला. मागच्या काचेवर कार्ड रेघांच्या दिशेनेच फिरवा. काळ्या प्लास्टिकच्या पट्टीला थिनर लावू नका, ती पांढुरकी पडते. आणि वॉरंट ऑफ फिटनेसचा चालू स्टिकर उत्साहाच्या भरात काढू नका!