छोट्या मोटारीच्या चाकाचे व टायरचे माप

छोट्या मोटारीच्या चाकाचे व टायरचे माप म्हणजे टायरची रुंदी, त्याच्या बाजूच्या भिंतीची उंची, रिमचा व्यास आणि भार व वेग सोसण्याची क्षमता यांचा एकत्रित निर्देश होय. मोटारीची रस्त्यावरील पकड, ब्रेक लागण्याचे अंतर, इंधनाचा खप आणि वेगमापकाची अचूकता या मापावर अवलंबून असते. टायर बदलताना किंवा अलॉय चाके बसवताना मूळ माप टिकवावे की बदलावे, हा प्रश्न त्यामुळे केवळ शोभेचा राहत नाही.

पार्श्वभूमी

मुंबईत टॅक्सी म्हणून दीर्घकाळ धावलेली प्रीमियर पद्मिनी ही मोटार कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होत असे. तिला ५.२०-१४ या मापाचे क्रॉस-प्लाय टायर असत. यातील पहिला आकडा टायरची रुंदी (सुमारे १३२ मिलीमीटर) व दुसरा रिमचा व्यास दर्शवी. दोन्ही इंचांत असत. ऑक्टोबर २०२३ मध्ये या टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाल्या. मारुती ८०० या मोटारीमुळे १४५/७० आर १२ हे मिलीमीटर व इंच यांची सांगड घालणारे माप घरोघरी पोहोचले. २००९ साली बाजारात आलेल्या टाटा नॅनोचे इंजिन मागे असल्याने पुढे १३५/७० आर १२ व मागे १५५/६५ आर १२ असे भिन्न टायर होते. परिणामी पुढचे व मागचे टायर आपसांत बदलणे तिच्यात शक्य नव्हते.

मापाचे वाचन

टायरच्या भिंतीवर १५५/८० आर १३ ७९ एस असे कोरलेले असल्यास त्याचा अर्थ पुढीलप्रमाणे होतो:

• १५५ – टायरची रुंदी, मिलीमीटरमध्ये.
• ८० – भिंतीची उंची ही रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १२४ मिलीमीटर.
• आर – रेडियल बांधणी. या अक्षराचा अर्थ त्रिज्या असा लावला जातो, तो चुकीचा आहे.
• १३ – रिमचा व्यास, इंचांमध्ये.
• ७९ – भारनिर्देशांक. प्रत्येक टायरमागे कमाल ४३७ किलोग्रॅम.
• एस – वेगनिर्देशक. कमाल ताशी १८० किलोमीटर. टी म्हणजे १९० व एच म्हणजे २१०.

एकूण व्यासाचे गणित

रिमचा व्यास मिलीमीटरमध्ये करून (इंच × २५.४) त्यात भिंतीच्या उंचीची दुप्पट मिळवली की टायरचा एकूण व्यास मिळतो. वरील टायरचा व्यास ३३०.२ + २४८ = ५७८.२ मिलीमीटर होतो. माप बदलताना हा व्यास मूळ व्यासाच्या दोन-तीन टक्क्यांच्या आत राखावा, असा सर्वमान्य संकेत आहे.

रिम एक इंचाने मोठी केली, तर भिंतीची उंची त्या प्रमाणात कमी करावी लागते. मारुती स्विफ्टच्या १६५/८० आर १४ व १८५/६५ आर १५ या दोन मापांचे व्यास अनुक्रमे ६१९.६ व ६२१.५ मिलीमीटर आहेत. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. याउलट १६५/७० आर १४ या टायरच्या जागी, गुणोत्तर न बदलता केवळ रुंदी वाढवून १८५/७० आर १४ बसवल्यास व्यास ५८६.६ वरून ६१४.६ मिलीमीटरवर जातो. ही वाढ सुमारे ४.८ टक्के आहे. चाकाच्या एका फेऱ्यात मोटार अधिक अंतर कापत असल्याने वेगमापक खऱ्याहून कमी वेग दाखवतो आणि मोटारीत चार माणसे बसली असता टायर मडगार्डला घासण्याचा संभव असतो.

चाकाची अन्य मापे

व्यास जुळला तरी रिमची रुंदी, नट बसवण्याच्या छिद्रांची संख्या व त्यांच्या वर्तुळाचा व्यास (उदा. ४ × १००), मधल्या छिद्राचा व्यास आणि ऑफसेट हेही जुळावे लागतात. ऑफसेट चुकल्यास चाक बाहेर झुकते व बेअरिंगवर जादा भार येतो.

मुंबई उपनगरांतील परिस्थिती

अंधेरी-बोरिवली भागातील स्वामी विवेकानंद मार्ग आणि घाटकोपर-मुलुंड भागातील लालबहादूर शास्त्री मार्ग यांवर पावसाळ्यात खड्डे, उखडलेले पेव्हर ब्लॉक व गतिरोधक यांना वारंवार तोंड द्यावे लागते. उंच भिंतीचा टायर हा आघात पचवतो. भिंत ठेंगणी असल्यास तो थेट रिमवर येऊन रिम वाकते किंवा भिंतीला फुगवटा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही.

अंधेरी सबवेसारख्या सखल जागा मुसळधार पावसात जलमय होतात. साचलेल्या पाण्याचा पातळ थर असलेल्या द्रुतगती मार्गावर रुंद टायर त्याच वजनाच्या मोटारीखाली पाण्यावर तरंगण्याची शक्यता अधिक असते, कारण वजन मोठ्या क्षेत्रफळावर विभागले जाते. कोरड्या रस्त्यावरील वाढीव पकड हा रुंद टायरचा गुण आहे. तथापि सिग्नलागणिक थांबणाऱ्या उपनगरी प्रवासात त्याचा उपयोग मर्यादित असून इंधनाचा खप मात्र वाढतो.

कायदेशीर बाबी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच अर्थाचा निर्णय दिला. अपघातानंतर विम्याचा दावा करताना असा फेरफार वादाचा विषय ठरू शकतो. म्हणून त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला उत्पादकाने दिलेले माप हा तुलनेने सुरक्षित पर्याय मानला जातो. मोटारीच्या टायरवरील नक्षीची खोली किमान १.६ मिलीमीटर असणे आवश्यक आहे.

खरेदीच्या वेळी

मूळ माप व हवेचा दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. नव्या टायरचा भारनिर्देशांक व वेगनिर्देशक मूळ टायरहून कमी नसावा. एकाच आसावर दोन्ही बाजूंना एकाच मापाचे व नक्षीचे टायर असावेत. टायरवरील चार आकडी संकेत निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगतो. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. चारही चाकांचे माप बदलल्यास स्टेपनीचा व्यासही त्यांच्याशी जुळतो की नाही, हे तपासणे अगत्याचे असते.