घोडे चाळीस, भानगडी चारशे

जिल्ह्याची ख्याती दुष्काळी आणि समुद्र घाटाच्या पार पलीकडे. तरीही स्पीडबोट पळवायला सोलापूरकरांच्या हाताशी जे पाणी आहे ते कोयनेलाही वाकुल्या दाखवतं. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं. जलाशयाचं कागदोपत्री नाव यशवंतसागर. पूर्ण भरला की साठा ११७ टीएमसी, कोयनेचा १०५. मग कुणा हौशी माणसाला मुंबई-गोव्याकडची जुनी, चौदा फुटी फायबरची बोट आणि तिच्या पाठीला टांगायचं चाळीस घोड्यांचं आउटबोर्ड इंजिन (धंद्यात त्याला ओबीएम म्हणतात) टेम्पोत घालून इकडे आणण्याची हुक्की आली तर नवल नाही. बोट आली की बहुतेकजण पहिला हात इंजिनाला घालतात. इंजिन थांबेल, आधी खिशातून टेप काढा. अशा बोटीचा वेग इंजिनापेक्षा इंचांत जास्त दडलेला असतो.

कापडाची बोट

चादरींच्या गावाला हे सांगायला मजा येते: फायबरची बोट म्हणजे मुळात कापड. धागा काचेचा, थरावर थर, मध्ये रेझिन. जाड विणीच्या थरात उभा-आडवा धागा नुसत्या डोळ्यांनी मोजता येतो.

रेझिनमध्ये हार्डनर पडतो साधारण एक ते दोन टक्के, आणि पुढचं सगळं उन्हाच्या हाती. सोलापुरी मे महिन्यात भरदुपारी डबाभर रेझिन कालवलं तर ब्रश बुडवेपर्यंत डब्यातच त्याचा दगड होतो. डबा मोठा असेल तर तो इतका तापतो की धूर निघतो. म्हणून काम पहाटे करावं, नाहीतर सरळ थंडीची वाट बघावी, आणि एका वेळी कालवावं ते वाटीभरच.

टकटक की भद्द?

इंजिन ज्या मागच्या पाटीवर टांगतात तिला ट्रान्सम म्हणतात. जुन्या बोटीत काचेच्या दोन थरांच्या पोटात प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपतं, प्लाय आतल्या आत कुजतं आणि वरून रंग मात्र टकाटक. विकणाऱ्याच्या गोड बोलण्यापेक्षा प्लास्टिकची हातोडी खरं बोलते. आवाज खणखणीत आला तर ठीक. 'भद्द' आला तर किंमत पाडा किंवा काढता पाय घ्या. इंजिनाचा खालचा पाय धरून वरखाली हलवला आणि पाटीही सोबत हलली, तर हातोडीचीही गरज नाही.

तळाच्या फळीखालचा फोम हा दुसरा लबाड. बोट तरंगावी म्हणून तो भरलेला, पण वर्षानुवर्षं पाणी पीत बसलेला. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे पाच-सहा घागरी पाणी म्हणजे एक फुकटचा प्रवासी. बोट वजनकाट्यावर नेऊन बघावी. सोलापूर जिल्ह्यात उसाच्या काट्यांना तोटा नाही. काट्यावर संशय घेण्याची परंपराही तितकीच जुनी.

दोन घोडे बोरघाटातच उतरतात

हे मला सगळ्यात आवडलेलं गणित. काठोकाठ भरलेल्या उजनीचं पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे ४९७ मीटर उंचीवर असतं. उंची वाढली की हवा विरळ होते आणि इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला साधारण तीन टक्क्यांनी घटते. म्हणजे मुंबईच्या खाडीत चाळीस घोड्यांचं असलेलं इंजिन इथे अडतीसचं होतं. उन्हाळ्यात तापलेली हवा आणखी पातळ, की एखादा घोडा अजून बसला. इंजिन बिघडलेलं नसतंच. त्याला हवेच्या मानाने कार्बोरेटरात छोटा जेट आणि हलका पंखा (प्रोपेलर) हवा असतो.

शोध आइस्क्रीमचा

१९०९ साली अमेरिकेत ओले एव्हिनरूड या नॉर्वेहून आलेल्या माणसाने आउटबोर्ड इंजिन विकायला काढलं. गोष्ट अशी सांगतात की उन्हाळ्यात तळ्याकाठच्या सहलीत मैत्रीण बेसला आइस्क्रीम हवं झालं, ओले वल्ही मारत आणायला गेला आणि परत येईपर्यंत त्याचं पाणी झालं. पुढे बेस त्याची बायको झाली आणि कंपनीचा कारभारही तिनेच पाहिला. त्या इंजिनाची ताकद दीड घोडा, वजन ६२ पौंड, किंमत ६२ डॉलर. पौंडाला डॉलर, भाजीच्या हिशेबाने. एव्हिनरूड नावाची इंजिनं २०२० पर्यंत निघत राहिली.

उसाचा हिसका

सोलापूर जिल्ह्यात तीसहून जास्त साखर कारखाने. उसाचं इथेनॉल होतं, इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतं आणि पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आउटबोर्डच्या बड्या कंपन्या मात्र दहा टक्क्यांच्या पुढे जाऊ नका असं पुस्तिकेत बजावतात. कारण इथेनॉलला पाण्याचा सोस. पाण्यावरच उभ्या असलेल्या बोटीच्या टाकीत ते हवेतली ओल ओढतं. ओल जास्त झाली की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतं आणि इंजिन नेमकं तिथूनच प्यायला लागतं. जुन्या रबरी नळ्याही त्याने फुगतात, मऊ पडतात. उपाय साधे: नळ्या नव्या, पाणी वेगळं करणारा फिल्टर, आणि हंगाम संपला की टाकी व कार्बोरेटर कोरडे.

जुनं टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलात ऑइल मिसळायचं. बऱ्याच इंजिनांना पन्नासास एक, त्याहून जुन्यांना दुप्पट. ज्या मिस्त्रीने उभा जन्म लुना आणि राजदूतवर काढला, त्याला हे शिकवायला जाऊ नये. तो हसेल.

पिंपातली परीक्षा

आउटबोर्डला थंड ठेवणारा पाण्याचा पंप म्हणजे एक रबरी चकती. पाण्याशिवाय इंजिन चालवलं तर ती मिनिटभरातही जळू शकते. म्हणून जमिनीवर चालवायचं तर खालचा पाय पिंपात बुडवायचा. सोलापूर शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे पिंपभर पाणी इंजिनाला दिलेलं घरात खपवून घेणारं माणूस विरळाच. गंमत म्हणजे त्या नळातलं पाणीसुद्धा पाइपलाइनने आलेलं उजनीचंच. बोट तळ्यावर जायच्या आधी तळंच बोटीच्या दारात.

इंजिनामागून पाण्याची बारीक पिचकारी उडते. ती उडते तोवर निर्धास्त, थांबली की इंजिन बंद. उजनीत जलपर्णीचा झुबका पाण्याच्या तोंडावर बसला की हमखास थांबते. गिअर ऑइलही काढून बघावं. दुधाळ निघालं तर सील गेलं.

खाऱ्याची सवय

समुद्रावरून आलेल्या इंजिनाला जस्ताचा एक तुकडा लावलेला असतो. गंजायचंच तर आधी हा गंजावा, ॲल्युमिनियमचं अंग वाचावं, एवढंच त्याचं काम. गोड्या पाण्यात जस्तावर पापुद्रा चढतो आणि तो कामचुकार होतो. उजनीसाठी तुकडा मॅग्नेशियमचा हवा. किरकोळ बदल, पण नेमका हाच राहून जातो.

भोक वर, भोक खाली

आता खरी टेप काढा. आउटबोर्डचा पाय १५, २० किंवा २५ इंची ट्रान्समच्या हिशेबाने बनतो. पंधरा इंची पाटीवर वीस इंची इंजिन टांगलं तर पाच इंच धातू नुसता पाणी नांगरत राहतो, आणि मालक म्हणतो इंजिनात दम नाही. पंख्याच्या वर जी आडवी पाटी असते ती बोटीच्या तळाशी एका रेषेत आणा, सुरुवात तिथून. बोल्टची भोकं पाऊण पाऊण इंचावर असतात. एक भोक वर घ्या, पळवून बघा. पुन्हा एक वर. वळणावर पंखा हवा खाऊन नुसताच किंचाळू लागला की एक भोक खाली. पिचकारीवर नजर ठेवून.

पंख्याचं गणित शाळेतलं आहे. तेरा इंच पिचचा पंखा एका फेऱ्यात, पाणी घट्ट असतं तर, तेरा इंच म्हणजे ३३ सेंटिमीटर पुढे गेला असता. इंजिनाचे मिनिटाला ५५०० फेरे, गिअरमध्ये निम्मे झाले, उरले २७५०. गुणाकार केला की ताशी ५४ किलोमीटर. पाणी घट्ट नसल्यामुळे दहा-पंधरा टक्के घसरतात, हाती उरतात सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. मोबाइलचा जीपीएस चाळीसच दाखवत असेल तर घसरण फार; मग पंखा वाकलाय, इंजिन उंच बसलंय किंवा तळाला शेवाळ आहे. फेरे कमी पडत असतील तर पिच एक इंच कमी करा, दीडशे-दोनशे फेरे वाढतात. घाटात उतरलेले दोन घोडे असे थोडेफार भरून काढता येतात.

पंखा फार ताणला तर आणखी एक चमत्कार होतो. पात्याच्या पाठीवर दाब इतका कमी होतो की थंड पाणी उकळतं! त्या बुडबुड्यांच्या फुटण्याने धातूला खळगे पडतात.

वजा पाण्यात बोट

सोलापूरकर सोडून कुणाला पटणार नाही, पण उजनी उन्हाळ्यात वजा होते. ६३ टीएमसीहून जास्त पाणी मृतसाठ्यात धरलंय, त्यामुळे साठा शून्य टक्के जाहीर होतो तेव्हा धरण अर्ध्याहून अधिक भरलेलं असतं! २०२४ च्या उन्हाळ्यात तर आकडा वजा पन्नासच्याही खाली गेला. पाणी असं उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ बाहेर येतं. बघायला गर्दी होते. बोटवाल्याला मात्र पाण्याखाली वीतभरच राहिलेली बाभळीची खोडं, बुडालेल्या घरांचे चौथरे आणि चिलापीसाठी लावलेली जाळी दिसायला हवीत. छोट्या इंजिनात पंख्याला मुद्दाम कमजोर पिन असते. खोडावर आपटला की पिन तुटते, गिअर वाचतो. मोठ्यात तेच काम रबरी बुश करतो. भिगवण-कुंभारगावच्या उथळ बाजूला हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. तिकडे वेगाचं नावच काढू नये.

मनगटातली दोरी

इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधायची असते. चालक पडला की खटका सुटतो. जाकीट घालायचं असतं. २१ मे २०२४ ला उजनीत कुगाव ते कळाशी जाणारी बोट वाऱ्यात उलटून सहा जण गेले. त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबईत इंजिन चाचणी घेणाऱ्या नौदलाच्या स्पीडबोटीचं नियंत्रण सुटलं, ती 'नीलकमल' या प्रवासी बोटीला धडकली आणि पंधरा जीव गेले. चाचणी घ्यायची तर मोकळ्या पाण्यात, सकाळी वारा पडलेला असताना आणि लाँचच्या वाटेपासून लांब. नोंदणीही लागते, १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयानांचा कायदा आला आहे.

घरामागचा विक्रमवीर

मार्च २०१७ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पॉवरबोटींची शर्यत झाली. इतिहासातली सर्वांत वेगवान बोट मात्र शर्यतीची नव्हती, कारखान्यातलीही नव्हती. सिडनीच्या केन वॉर्बीने ती घराच्या परसात लाकूड ठोकून बनवली आणि लष्कराच्या भंगारातलं जेट इंजिन तिच्यावर चढवलं. ८ ऑक्टोबर १९७८ ला तिने ताशी ५११ किलोमीटरचा वेग गाठला. हा विक्रम मोडायच्या नादात त्यानंतर दोघांनी प्राण गमावले, विक्रम तसाच आहे. आता वॉर्बीचा मुलगा डेव्हिड नवी बोट घेऊन त्याच्या मागे लागला आहे. आणि १९७८ च्या त्या विक्रमाची जागा? समुद्र नव्हे, ब्लोअरिंग नावाच्या धरणाचा जलाशय. उजनीची भिंत त्या दिवशी अजून पुरी व्हायची होती.